अन्नवस्त्र आणि ऋण

आमच्या धंद्यातील जुनी दप्तरे चाळू लागले की 'अन्नवस्त्र' हा शब्द पावलोपावली भेटतो. अन्नवस्त्राचा दावा, अन्नवस्त्राबद्दल लिहून दिलेले पत्र, अन्नवस्त्रापुरती तोडून दिलेली जमीन. नवरा वारल्यावर मागे राहिलेल्या बाईचे त्या घराच्या मिळकतीवर जे काही उरते, त्याला आपल्या वाडवडिलांनी हे नाव दिले होते. पुढे त्याची जागा 'पोटगी'ने घेतली, आणि अलीकडे सरकारी कागदांवर 'निर्वाह भत्ता' असे कोरडे नाव आले. नाव बदलले म्हणून हक्क बदलत नाही, असे आम्ही वकील मंडळी म्हणत असतो. मीही म्हणत असे. परंतु एका वृद्ध बाईंची उलटतपासणी घेतल्यापासून ते वाक्य माझ्या तोंडी सहजासहजी येत नाही. त्या दिवशी मी उभा होतो तो बाईंच्या बाजूने नव्हे, धनकोच्या बाजूने.

हकीगत सीमाभागातील आहे. गाव सांगत नाही, आणि माणसांची नावेही सांगण्याचे प्रयोजन नाही. पेठेत एका गृहस्थांचे भुसारी दुकान होते. माणूस सचोटीचा, पण हौशी. उतारवयात त्यांनी धंदा वाढवायला घेतला आणि एका पतसंस्थेकडून अठरा लाख रुपये उचलले. दोन्ही मुलगे जामीन राहिले. इमारत मात्र गहाण टाकली नाही. संस्थेच्या चालकांनी त्यांच्या नावाकडे पाहून आग्रहही धरला नाही. पुढे गृहस्थ वारले, धंदा बसला, आणि व्याजासह देणे एकतीस लाखांवर गेले. संस्थेने निवाडा मिळविला आणि तो बजावून घेण्यासाठी दिवाणी न्यायालयात दरखास्त लावली. जप्ती आली ती पेठेतील तीन गाळ्यांच्या इमारतीवर.

त्या इमारतीवर आणखी एका व्यक्तीचा हक्क निघाला. गृहस्थांनी स्वहस्ते लिहिलेले मृत्युपत्र होते. त्यात मिळकत मुलांना दिली होती, पण तीन गाळ्यांच्या भाड्यातून प्रथम दरमहा सहा हजार रुपये पत्नीस हयातभर द्यावेत आणि मग उरेल ते मुलांनी वाटून घ्यावे, असे लिहिले होते. बाईंनी जप्तीस हरकत घेतली. ती हरकत मोडून काढण्याचे काम संस्थेने माझ्याकडे सोपविले.

वाचकांपैकी कित्येकांना येथेच माझा राग येईल. तो यावा, पण संस्थेची बाजूही ऐकून मग यावा. पतसंस्थेचा पैसा म्हणजे कोणा लठ्ठ सावकाराच्या तिजोरीतला पैसा नव्हे. आमच्या गल्लीतील विठ्ठलमंदिरात ज्यांच्या शेजारी बसून मी एकादशीचे कीर्तन ऐकतो, ते एक निवृत्त शिक्षक त्या संस्थेचे ठेवीदार. निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम त्यांनी तेथे ठेवली होती, आणि कर्जे थकल्यामुळे ती मिळेनाशी झाली होती. त्यांच्या पत्नीचे डोळ्याचे ऑपरेशन त्यापायी लांबले होते. एका वृद्धेच्या सहा हजारांसमोर दुसऱ्या वृद्धेची दृष्टी होती. धनको म्हटला की तो निर्दय आणि विधवा म्हटली की ती निराधार, हे नाटकांत ठीक. न्यायालयात दोन्ही बाजूंना माणसेच असतात.

कायदाही मला सर्वस्वी प्रतिकूल नव्हता. हिंदू दत्तकग्रहण व निर्वाह अधिनियम, १९५६ याच्या कलम २६ मध्ये असे सांगितले आहे की, मृताच्या सर्व प्रकारच्या देण्यांना त्याच्या आश्रितांच्या निर्वाहाच्या मागणीवर अग्रक्रम राहील. कलम २३ मध्ये आश्रिताचा निर्वाह ठरविताना ज्या गोष्टी पाहायच्या त्यांत पहिलीच गोष्ट म्हणजे देणी फेडल्यावर उरणारी निव्वळ मालमत्ता. आधी ऋण, मग अन्न, असाच हा क्रम दिसतो. परंतु कलम २६ हे कलम २७ च्या अधीन आहे. कलम २७ म्हणते की निर्वाहाचा हक्क मिळकतीवर आपोआप बोजा होत नाही. तो मृत्युपत्राने, न्यायालयाच्या हुकूमनाम्याने, करारनाम्याने किंवा अन्य रीतीने निर्माण व्हावा लागतो. बोजा एकदा निर्माण झाला की साध्या धनकोचा अग्रक्रम डळमळतो. तेव्हा सारा वाद मृत्युपत्रातील एका वाक्यावर येऊन ठेपला. 'भाड्यातून प्रथम द्यावेत' याचा अर्थ इमारतीवर बोजा ठेवला असा, की मुलांना केवळ उपदेश केला असा? मी अर्थातच उपदेश म्हणत होतो. शिवाय माझे असेही म्हणणे होते की मनुष्य मृत्युपत्र लिहून आपल्या धनकोला बुडवू शकत नाही. दुसऱ्याचे देणे भागविल्यावर जे उरते तेवढेच त्याचे.

हा झगडा नवा नव्हे. बेळगाव जिल्हा ज्या मुंबई इलाख्यात १९५६ पर्यंत होता, त्या इलाख्याच्या उच्च न्यायालयाने १८७७ साली लक्ष्मण रामचंद्र विरुद्ध सत्यभामाबाई या दाव्यात विधवेच्या अन्नवस्त्राच्या हक्काची आणि मिळकत विकत घेणाऱ्याच्या हक्काची सांगड कशी घालावी याची चर्चा केली. १९३७ साली मुंबईचे शल्यवैद्य डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने हिंदू स्त्रियांच्या मिळकतीच्या हक्काचा कायदा झाला आणि विधवेला अन्नवस्त्राच्या पलीकडे मर्यादित का होईना पण वाटा मिळाला. १९५६ च्या वारसा कायद्याने ती मुलांच्या बरोबरीची वारस झाली. मृत्युपत्र नसते तर आमच्या दाव्यातील बाईंनाही मिळकतीचा तिसरा हिस्सा मिळाला असता. तथापि तो हिस्सा त्यांना देण्याच्या ओझ्यासहच मिळाला असता. नवऱ्याने मालकी दिली नाही, पण 'प्रथम' हा एक शब्द दिला. त्या शब्दाचे मोल त्यालाही लिहिताना ठाऊक असेल असे वाटत नाही.

साक्षीच्या दिवशी बाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. शहात्तर वर्षांचे वय, डोक्यावरून घेतलेला फिकट पदर. मी त्यांना लहानपणापासून काकी म्हणत आलो. त्या दिवशी मात्र त्या साक्षीदार क्रमांक एक होत्या, आणि मी त्यांना 'वकीलसाहेब' होतो. त्यांनी महिन्याच्या खर्चाची यादी दिली होती. औषधे, दूध, धान्य, वीज, आणि शेवटी एक बारीक नोंद : देवळातील नंदादीपाचे तेल व वातींचा कापूस, एकशे ऐंशी रुपये.

यादीतील दुबळी जागा शोधणे हे उलटतपासणीचे काम. मी त्या नोंदीवर बोट ठेवले.

"हा देवळाच्या तेलाचा खर्च तुमच्या पोटाचा खर्च आहे काय?"

"पोटाचा नाही."

"मग तो मुलांनी किंवा या मिळकतीने का सोसावा?"

काकी क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "ते गेल्यापासून सगळं माझ्याकडं येतं हो. माझ्या हातून जाणारं तेवढं एकच आहे."

मी पुढच्या प्रश्नाकडे वळलो. उत्तर अडचणीचे आले की पुढे वळावे, हे आम्हांस पहिल्या वर्षीच शिकवितात.

शेवटी मी विचारले की मुलांची स्थिती ठाऊक असताना त्या हे पैसे मागतात हे खरे ना. त्या म्हणाल्या, "मी कुणाकडं मागत नाही. माझं आहे ते द्या, एवढंच म्हणते की."

आमच्याकडील न्यायालयांत जबानी साक्षीदाराच्या तोंडून मराठीत येते आणि कागदावर कन्नडमध्ये उतरते. यात कोणाचा दुष्टावा नसतो. राज्याची भाषा ती, न्यायालयाची भाषाही ती. न्यायाधीश सांगत जातात आणि टंकलेखक उतरवीत जातो. त्या दिवशी फलकावर चाळीस प्रकरणे होती. काकींचे वाक्य सांगितले गेले ते एवढेच : "मी काही मागत नाही." दुसरे अर्धे वाक्य घाईत गळून पडले. काकींना कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. त्यांचे वकील तरुण होते आणि नेमके त्या वेळी मृत्युपत्राची प्रत शोधीत होते. जबानी भरभर वाचून दाखविली गेली, आणि काकींनी खाली मराठीत सही केली.

मला कन्नड चांगले येते. मी ते वाक्य ऐकले. साक्षीदार शपथेवर कबूल करते की तिची काही मागणी नाही, एवढा त्याचा अर्थ होतो हे मला तत्क्षणी कळले. मी कागद आवरले आणि बाहेर आलो.

हे लिहिताना स्वतःला सौम्य शब्दांत वागविण्याचा मोह होतो, म्हणून स्पष्ट सांगतो. मी विसरलो नव्हतो, गोंधळलो नव्हतो. पुढील तारखेस तीन आठवडे होते. त्या अवधीत मी लेखी युक्तिवाद तयार केला आणि त्यातील सातव्या परिच्छेदात ते वाक्य घातले. परिच्छेद चांगला उतरला होता. मनाला मी असे सांगत होतो की चूक मी केलेली नाही. ती दाखविणे हे प्रतिपक्षाच्या वकिलाचे काम. आणि माझे कर्तव्य त्या शिक्षकासारख्या ठेवीदारांशी आहे. तिन्ही विधाने एकेकटी घेतली तर खरी होती.

मधल्या काळात वार्षिक दर्शनासाठी सहकुटुंब गोव्यास जाणे झाले. आमच्या बाजूच्या पुष्कळ घराण्यांची कुलदैवते गोव्यात आहेत आणि वर्षातून एकदा तेथील अग्रशाळेत मुक्काम करणे हा आमचा कुळाचार. माझे एक मावसभाऊ तिकडे वकिली करतात. ते रात्री भेटीस आले, तेव्हा नावे न सांगता मी दाव्याची हकीगत त्यांच्यापुढे ठेवली. ते हसून म्हणाले, "आमच्या हांगा बायलेक पोटगी मागची पडना, अर्दें तिचेंच आसता."

ते खरेच आहे. १९६१ च्या मुक्तीनंतरही गोव्यात पोर्तुगीज अमदानीतील नागरी कायदा कुटुंबापुरता चालू राहिला. वारसा आणि नोटरी यांपुरता गोव्याचा २०१२ चा स्वतंत्र कायदा २०१६ च्या डिसेंबरपासून अमलात आला, पण मूळ तत्त्व टिकून आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मत्ता सामाईक होते आणि तिच्यातील अर्धी बायकोची. ती नवऱ्याच्या मृत्यूने तिच्याकडे येत नाही. ती आधीपासूनच तिची असते. भाऊ पुढे म्हणाले की याचीही दुसरी बाजू आहे. दोघांच्या संमतीने किंवा घरासाठी काढलेले कर्ज असेल तर त्याचा भार दोघांच्या मत्तेवर पडतो. अर्ध्या मालकीबरोबर अर्धे देणेही येते. "पण देणं घेताना तिला विचारायला लागतं," ते म्हणाले. "तुमच्याकडं तिला कुणी विचारलं होतं काय?"

कोणीही विचारले नव्हते. अठरा लाखांच्या कागदावर नवऱ्याची सही होती, मुलांच्या सह्या होत्या. काकींना कर्जाची वार्ता कळली ती जप्तीचा बेलीफ दारात आला तेव्हा.

भाऊ गेल्यावर अग्रशाळेच्या पडवीत मी बराच वेळ बसून होतो. समोर देवालयाच्या दीपमाळेचा काळोखातला आकार दिसत होता. दिवाणी व्यवहार संहितेच्या कलम ६० मध्ये जप्तीतून वगळलेल्या वस्तूंची एक यादी आहे. ती मी कित्येकदा वाचली आहे : अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूणपांघरूण, धर्माचाराप्रमाणे स्त्रीला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना, आणि खाली, पुढे मिळावयाच्या निर्वाहाचा हक्क. म्हणजे काकींनी स्वतः कर्ज काढले असते, तर त्या कर्जाच्या धनकोला त्यांच्या पुढील अन्नवस्त्रास हात लावता आला नसता. पण जे कर्ज त्यांनी काढलेच नाही, त्याचा धनको मात्र त्यांच्या आधी पानावर बसू पाहत होता. आणि त्याला तेथे बसविण्यासाठी मी त्यांचे अर्धे वाक्य वापरणार होतो. कायद्याचा अर्थ लावण्याबद्दल दोन मते असू शकतात. बाई काय बोलल्या याबद्दल दोन मते नव्हती. ते त्यांनी माझ्याच प्रश्नाला उत्तर म्हणून सांगितले होते.

परत येताच मी प्रथम संस्थेच्या अध्यक्षांना भेटलो आणि काय करणार ते सांगितले. अशिलाला अंधारात ठेवून केलेला प्रामाणिकपणा हाही एक अप्रामाणिकपणाच. ते चिडले. "आम्ही फी कशाची देतो, साहेब?" एवढेच म्हणाले. मी म्हटले की युक्तिवादाची देता, तो मी शक्ती लावून करीन. पण या वाक्यावर करणार नाही. पुढील तारखेस मी उभा राहून न्यायाधीशांना सांगितले की साक्षीदाराच्या शेवटच्या उत्तराचा दुसरा भाग जबानीत आलेला नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि आपण कोणाचे वकील, असे विचारले. मी सांगितले. मग काकींना पुन्हा बोलावून तोच प्रश्न विचारण्यात आला आणि उत्तर पुरते लिहून घेण्यात आले.

सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तुलसम्मा विरुद्ध शेषा रेड्डी या प्रकरणात हिंदू विधवेच्या निर्वाहाच्या हक्काचा विस्ताराने विचार केला. हा हक्क कोणाच्या कृपेने मिळालेली भिक्षा नसून मुळातच अस्तित्वात असलेला हक्क आहे, असे न्यायमूर्तींनी त्यात म्हटले. मी तो निवाडा अनेकदा वाचला आहे, त्याचे दाखले दिले आहेत. 'मी मागत नाही, माझं आहे ते द्या' याहून तो अधिक काही सांगत नाही, हे मात्र मला त्या दिवशी कळले.

युक्तिवाद मी कबूल केल्याप्रमाणे पूर्ण शक्तीने केला. न्यायालयाने 'प्रथम' या शब्दावर भर देऊन मृत्युपत्राने इमारतीवर बोजा निर्माण झाल्याचे धरले. रक्कम माफक आहे, धनकोला बुडविण्यासाठी फुगविलेली नाही, हेही पाहिले. जप्ती उठविली नाही. काकींच्या हयातीपर्यंतच्या बोजासह इमारतीचा लिलाव व्हावा, असा निर्णय झाला. दुसऱ्या न्यायाधीशाने याहून वेगळा निर्णय दिला असता, हे शक्य आहे. आणि कर्ज देताना संस्थेने इमारत रीतसर गहाण घेतली असती, तर माझे काम पुष्कळच सोपे झाले असते.

दोन्ही पक्षांना पुरते समाधान मिळाले नाही. बोजा असलेली इमारत उत्साहाने कोण घेणार? किंमत कमी आली. संस्थेचे देणे अर्धेमुर्धे वसूल झाले, आणि ठेवीदारांना हप्त्याहप्त्याने काही रक्कम मिळाली. त्या शिक्षकांनी पत्नीचे ऑपरेशन अखेर मुलीकडून उसने घेऊन केले. कीर्तनात ते आजही माझ्या शेजारी बसतात. एकदा त्यांनी विचारले, "तुम्ही बोलला नसता, तर आमचे पैसे लवकर आले असते काय?" मी म्हटले, "कदाचित आले असते." ते गप्प राहिले, मीही गप्प राहिलो. त्यांना देण्यासारखे अधिक चांगले उत्तर मजपाशी नव्हते, आणि अद्यापही नाही. संस्थेने आपली उरलेली प्रकरणे दुसऱ्या वकिलांकडे दिली. तो तिचा अधिकार होता.

या सर्व प्रकरणात मला सर्वांत अनपेक्षित वाटले ते काकींचे मत. निर्णयानंतर त्या मंदिरात भेटल्या तेव्हा आनंदित नव्हत्या. "त्यांचं देणं राहिलंच की," त्या म्हणाल्या. वडिलांचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य या कल्पनेला आमच्या न्यायालयांत एके काळी कायद्याचे बळ होते. २००५ च्या दुरुस्तीने पुढील कर्जांपुरते ते काढून घेतले. काकींपर्यंत ही दुरुस्ती पोहोचलेली नाही. नवऱ्याचे देणे फिटावे आणि आपले अन्नही सुटू नये, अशा दोन्ही गोष्टी त्यांना हव्या होत्या. मी त्यांना कलमे समजावून सांगत बसलो नाही. त्या दोहोंत विरोध आहे असे त्यांना वाटत नव्हते. विरोध दिसतो तो मिळकत अपुरी असते म्हणून.

वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. आपल्या घरात कर्जाचा कागद होत असेल, तर सही करण्यापूर्वी घरातील बाईला तो वाचून दाखवावा. मृत्युपत्र करणार असाल तर 'पत्नीस सांभाळावे' असले मोघम वाक्य लिहू नये. कोणत्या मिळकतीच्या उत्पन्नातून, किती, आणि त्या मिळकतीवर बोजा राहील, असे स्पष्ट शब्दांत लिहावे. ते नोंदवून ठेवावे, आणि मागाहून बोजाची नोंद मिळकतीच्या दप्तरी करून घ्यावी, म्हणजे उद्याचा खरेदीदार 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणू शकणार नाही. शक्य असेल तर हयातीतच काही मिळकत तिच्या नावावर करावी. मात्र हे सारे देणे डोक्यावर येण्यापूर्वी करावे. देणे चुकविण्यासाठी केले तर न्यायालय ते मोडून काढील, आणि योग्यच करील.

गेल्या कार्तिकात काकड्याला गेलो होतो. काकी खांबाशी बसून वाती वळीत होत्या. मला पाहून त्यांनी वातींची एक पुडी पुढे केली. "आईला दे," त्या म्हणाल्या. "तेल तुमचं तुम्ही घाला. माझं एकशे ऐंशीत बसत नाही."